तुम्ही विचारलंत म्हणून : बास्केटबॉल खेळून पुढे काय?

सकाळी साडेसहाला मी मैदानाच्या फाटकाचे कुलूप काढते, तेव्हा मुलींच्या सायकलींमागून एखादी मोटारसायकल येऊन उभी राहते, आणि मुलगी आत गेल्याची खात्री झाली की तिचे वडील किंवा आई जाळीपाशी येऊन विचारतात, "मॅडम, हे खेळून पुढे काय?" एकोणीस वर्षे नाशिकमध्ये मुलींना बास्केटबॉल शिकवत असल्यामुळे या प्रश्नामागे काय दडले आहे, हे आता मला आवाजावरून कळते. कुणाला दहावीचे सवलतीचे क्रीडागुण हवे असतात, कुणाचा डोळा शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणावर असतो, तर कुणी पहाटे उठून मोबाइलवर अमेरिकेतला सामना पाहून आलेले असते. बहुतेकांना मी "आधी वर्षभर नियमित पाठवा, मग बोलू" एवढेच सांगते, कारण निम्म्या मुली पावसाळ्यानंतर परत येतच नाहीत. गेल्या डिसेंबरात मात्र दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार हाच प्रश्न घेऊन आले आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायला तयार नव्हते. त्यांना जे सांगितले, तेच इथे जरा नीट मांडते.

त्यांची मुलगी नववीत, पंचवटीत मावशीकडे राहून शिकणारी. उंची पाच फूट अकरा इंच आणि पायांत थोरल्या भावाचे बूट. शाळेतल्या सरांनी "उंची आहे, हिला बास्केटबॉलला टाका" असे सांगितले होते, आणि तेवढ्या एका वाक्यावर बापलेक आले होते. उंचीला किंमत नाही असे मी म्हणणार नाही, जमिनीपासून ३.०५ मीटरवर बसवलेली रिंग कुणासाठी खाली येत नाही. पण याच खेळात पाच फूट तीन इंचांचा मगसी बोग्ज १९८७ पासून चौदा हंगाम एनबीए या अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये टिकला, हेही खरे आहे. उंचीमुळे चाचणीला बोलावणे येते. त्यापुढचे काम पाय, मनगट आणि डोके यांचे असते.

मग सिमेंटच्या कोर्टवर मी खडूने आकडे लिहिले. एनबीएमध्ये संघ ३०, प्रत्येक संघाकडे नियमित करारावर जास्तीत जास्त १५ खेळाडू, म्हणजे साऱ्या जगाला मिळून ४५० जागा. दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या कार्यक्रमात, दोन फेऱ्यांत साठच्या आसपास नावे पुकारली जातात, त्यातल्या पहिल्या फेरीतल्या खेळाडूला कराराची हमी असते आणि दुसऱ्या फेरीतल्याला तीही नसते. शिवाय जानेवारीपासून दहा दिवसांचे करार सुरू होतात. एका संघाने एका खेळाडूशी असे दोन करार केले की तिसऱ्या वेळी त्याला उरलेल्या हंगामासाठी घ्यायचे, नाहीतर मोकळे करायचे, असा नियम आहे.

"दहाच दिवस?" त्यांनी विचारले. "आमच्याकडे छाटणीची टोळीसुद्धा याच्यापेक्षा जास्त राहते."

आंद्रे इंग्रॅमची गोष्ट मी अशा वेळी सांगते, कारण वर्तमानपत्रात येणाऱ्या नावांपेक्षा या पेशाची खरी चव तिच्यात आहे. हा भौतिकशास्त्राचा पदवीधर. २००७ पासून तो एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, जिला आता जी लीग म्हणतात, तुटपुंज्या पगारावर खेळत राहिला आणि घर चालवण्यासाठी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत राहिला. दहा हंगाम असे गेल्यावर एप्रिल २०१८ मध्ये, हंगामाचे दोन सामने उरले असताना, लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला बोलावले. बत्तिसाव्या वर्षी तो पहिला एनबीए सामना खेळला आणि ह्यूस्टनविरुद्ध त्याने १९ गुण केले, त्यात चार बास्केट तीन गुणांच्या रेषेबाहेरून. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यातल्या गणिताच्या शिकवण्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. दहा वर्षे चूल पेटती ठेवण्याची सोय त्याने खेळाच्या बाहेर केली होती, म्हणून ते बोलावणे आले तेव्हा तो अजून खेळाडू होता.

दुसरे उदाहरण शेतकऱ्याच्या घरचे असल्यामुळे त्यांनी अधिक कान देऊन ऐकले. पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा लुधियानाच्या अकादमीतून २०१० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, फ्लोरिडाला शिकायला गेला आणि २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने बावन्नाव्या क्रमांकावर त्याला निवडले. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला, भारतात जन्मलेला तो पहिलाच खेळाडू. सव्वासात फुटांच्या आसपास उंची असूनही एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. टेक्सासमधल्या खालच्या लीगच्या संघाकडून तो खेळला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. "म्हणजे वायाच गेलं की सगळं," असे ते म्हणाले. मला तसे वाटत नाही. ज्या देशात या खेळाची धड लीग टिकत नाही, तिथल्या एका गावातून निघून त्याने चेंडूच्या बळावर पगार मिळवला आणि नावही कमावले. पण हा रस्ता आहे असे समजून मुलीला त्यावर सोडू नका, हेही मी त्यांना त्याच दमात सांगितले.

आणि प्रश्न मुलीचा होता, तेव्हा मुलींचे आकडेही खडूने लिहावे लागले. अमेरिकेतील महिलांची डब्ल्यूएनबीए १९९७ मध्ये सुरू झाली. २०२४ पर्यंत तिच्यात बारा संघ आणि प्रत्येकी जास्तीत जास्त बारा खेळाडू, म्हणजे १४४ जागा होत्या, तेरावा संघ २०२५ मध्ये आला. तिथल्या पगारावर भागत नसल्यामुळे मोठमोठ्या खेळाडूसुद्धा वर्षानुवर्षे हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीन इथे खेळायला जात. डायना तोरासीसारख्या अव्वल खेळाडूला तिच्या रशियन क्लबने २०१५ च्या उन्हाळ्यात विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले आणि ते तिच्या अमेरिकेतल्या पगारापेक्षा जास्त होते, म्हणून ती त्या वर्षी मायदेशात खेळलीच नाही. ब्रिटनी ग्रायनर त्याच क्लबकडे परतत असताना फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोजवळच्या विमानतळावर सामानात गांजाच्या तेलाच्या नळ्या सापडल्यावरून पकडली गेली आणि कैद्यांच्या अदलाबदलीत डिसेंबरात सुटली. ऑलिम्पिकच्या सुवर्णविजेतीलाही घराबाहेर दुसरी नोकरी धरावी लागत होती, हे त्या बातमीतले वाक्य फार थोड्यांनी वाचले.

आपल्याकडे हिशेब वेगळा आहे. इथे व्यावसायिक लीगचे प्रयोग झाले, २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए लीग २०१७ पर्यंत चालली, पण इथल्या खेळाडूचा खरा पेशा म्हणजे नोकरी. रेल्वे, बँका, पोलीस, ओएनजीसी यांचे संघ, सकाळ-संध्याकाळ सराव, मधल्या वेळेत कार्यालयातले टेबल. भारतीय रेल्वेच्या मुलींनी राष्ट्रीय अजिंक्यपद किती वेळा नेले, ते मोजायला बोटे पुरणार नाहीत. केरळची गीतू अॅना जोस दक्षिण रेल्वेत नोकरीला होती. ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांच्या चाचण्या देऊन आली, निवड झाली नाही, आणि २०१४ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिकडे चाचण्या देताना पाठीशी नोकरी होती, ही गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्रॅमची शिकवणी आणि गीतूची रेल्वे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

ही नोकरी तरी सरळ मिळते का, असे विचारले तर मला स्वतःचेच सांगावे लागते. २००३ मध्ये एका मोठ्या कार्यालयाच्या क्रीडा कोट्यातील भरतीसाठी मी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेले. तीन दिवस चाचणी झाली, मी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव आखणारी, म्हणून खेळले आणि निवड यादीत माझे नाव लागले. मग प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. माझ्या राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर ज्यांची सही होती, ते पदाधिकारी दरम्यान संघटनेच्या दुसऱ्या गटात गेले होते, आणि ती सही ग्राह्य आहे असे लिहून देणारा माणूस मला आठ महिने सापडला नाही. नवव्या महिन्यात पत्र आले की कागदपत्रे विहित मुदतीत पूर्ण न केल्यामुळे विचार करता येत नाही. खेळात हरले असते तर विसरले असते. तेव्हापासून माझ्या मुलींना मी पहिल्या दिवशी चेंडू देते आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची फाइल आणायला लावते, आणि प्रमाणपत्र लॅमिनेट केलेत तर याद राखा, असेही बजावते, कारण मागच्या बाजूला शिक्के मारावे लागतात.

हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा हसले. "गाडी भरून गेली तरी व्यापाऱ्याचा चेक वटेपर्यंत आम्ही पैसे मोजत नाही, मॅडम," ते म्हणाले. "डावणी रोगातून वाचवायचं, गारांतून वाचवायचं, आणि मग त्याच्याकडून बुडायचं. बागेसारखंच आहे तुमचं."

तोवर मुलगी रिंगखाली उड्या मारत होती. सगळे पालक उडी किती उंच गेली ते पाहतात. मी मुलगी खाली येताना पाहते. दोन्ही पाय एकदम टेकतात का, गुडघा पंजाच्या रेषेत राहतो की आत वळतो, टाचेचा धप्प असा आवाज येतो की पंजावर अलगद भार येतो, हे पाच उड्यांत दिसते. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि बरेचदा कुणाचा धक्का न लागता, नुसते उतरताना किंवा एकदम दिशा बदलतानाच तो तुटतो. डेरिक रोझ २०११ मध्ये बाविसाव्या वर्षी एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. एप्रिल २०१२ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्यातला हाच अस्थिबंध तुटला. त्यानंतरही तो २०२४ पर्यंत खेळला, पण तो पूर्वीचा रोझ नव्हता. माझा उजवा गुडघा २००४ मध्ये सिमेंटच्या कोर्टवर गेला. रोझकडे डॉक्टर होते, यंत्रे होती, मोठा करार होता. माझ्याकडे आईने शिवलेली वाळूची पिशवी होती, जी घोट्याला बांधून मी खाटेवर बसून पाय वर उचलत असे.

या मुलीचा डावा गुडघा उतरताना आत वळत होता आणि भावाचे बूट टाचेपाशी सुटत होते. मी तिला थांबवले, बाकावर चढवले, तिथून खाली पाय टाकून उतरायला सांगितले आणि स्वतः समोर उकिडवी बसून "गुडघा बाहेर, गुडघा बाहेर" असे म्हणत राहिले. सात-आठ वेळा झाल्यावर एकदा ती बरोबर उतरली. तिलाही ते कळले, कारण तिने लगेच वडिलांकडे पाहिले.

वडिलांना मी शेवटी एवढेच सांगितले की सहा महिने हिला रिंगकडे फार बघू देणार नाही, फक्त उतरायला शिकवेन. शाळेचा अभ्यास बुडाला तर सरावाला घेणार नाही. आणि बारावीनंतर नोकरीच्या चाचण्या, पदवी, कागद यांचे बघू. अमेरिकेचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. गाडीला किक मारताना मात्र ऑक्टोबरात द्राक्षांच्या गोडी छाटणीचा आठवडाभर मुलीला सुट्टी मिळेल का, असे विचारले, आणि मी चार दिवस कबूल केले.

त्याच दिवशी दुपारी मेन रोडवरच्या बुटांच्या दुकानातून त्यांचा फोन आला. मुलीच्या पायाला नऊ नंबर लागत होता, लेडीजमध्ये तेवढा नंबर येत नाही असे दुकानदार म्हणत होता, आणि जेन्ट्सचे घेतले तर चालतील का, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचे होते. मी म्हटले, चालतील, फक्त तिथेच घालून तिला बाकावरून चार वेळा उतरायला लावा आणि टाच सुटते का ते स्वतः खाली वाकून बघा.