तीन दहा की दोन सोळा

टूर मॅनेजर म्हणून मला अकरा वर्षं झाली आणि आजपर्यंत ग्रुपमधलं माणूस हरवलं असं दोनदाच झालंय. पहिल्यांदा चूक कोणाची होती ते मला पक्कं माहितीये. दुसऱ्यांदाची गोष्ट ग्राझची, यंदाच्या जूनमधली. रिपोर्टमध्ये मी "पॅसेंजर लेट" असं लिहून मोकळी झाले, पण तेव्हापासून ते दोन शब्द घशात अडकल्यासारखे झालेत.

ग्राझ म्हणजे ऑस्ट्रियातलं दुसऱ्या नंबरचं शहर, व्हिएन्नाहून स्लोव्हेनियाला जाताना वाटेत लागतं. आमच्या आयटिनररीत त्याच्यापुढे "क्लॉक टॉवर फोटो स्टॉप" एवढंच छापलेलं असतं, आणि दरवेळी ते वाचून मला राग येतो. शहराच्या मधोमध श्लॉसबर्ग नावाचा डोंगर आहे, खालच्या शहरापासून साधारण सव्वाशे मीटर उंच, वर जुना किल्ला होता. १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजेने वेढा घातला, आत मेजर हाकर नावाचा अधिकारी मूठभर शिपाई घेऊन बसलेला, फ्रेंचांना किल्ला काही लढून घेता आला नाही. पण ऑस्ट्रिया युद्धच हरला, तह झाला, आणि तहानंतर फ्रेंचांनी तो न जिंकलेला किल्ला सुरुंग लावून उडवला. घंटेचा मनोरा आणि घड्याळाचा मनोरा मात्र गावकऱ्यांनी पैसे गोळा करून फ्रेंचांकडून सोडवून घेतले. मी ग्रुपला सांगताना वर्गणी हाच शब्द वापरते, लोकांना पटकन पोचतं. बसमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं की १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांचं हेच केलं, वाटा फोडल्या, पायऱ्या उडवल्या. श्लॉसबर्गवर मात्र तीस वर्षांनी, १८३९ च्या सुमारास, वेल्डन नावाच्या एका लष्करी माणसानेच त्या उघड्या खडकावर माती चढवून, झाडं लावून बाग करायला घेतली. आज वर जी गर्द झाडी दिसते ती सगळी त्यानंतरची.

घड्याळाचा मनोरा मूळ तेराव्या शतकातला, किल्ल्याचा भाग, आत्ताचं रूप साधारण १५६० चं. उंची अठ्ठावीस मीटर, वर लाकडी सज्जा, तिथून आगीवर पहारा असायचा. आत तीन घंटा आहेत, तासांचे टोले देते ती १३८२ ची. आणि दर्शनी तबकडी पाच मीटरपेक्षा मोठी.

आता खरी गंमत त्या तबकडीवर आहे. मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा काटा मिनिटं. कारण आधी एकच काटा होता, तासाचा, आणि तो खालच्या शहरातून, शेतातून, लांबून दिसावा म्हणून लांबलचक केलेला. मिनिटांचा काटा नंतर आला तो मग लहान करावा लागला, नाहीतर दोन्ही सारखे दिसले असते.

हे मी तोपर्यंत बसमध्ये कधीच सांगितलेलं नव्हतं. बाकी सगळा इतिहास हायवेवरच उरकते, कारण ऑस्ट्रियात शहर दाखवायचं काम लायसन्सवाल्या लोकल गाइडचं, मी तिथे माईक घेऊन सुरू झाले तर दंड होऊ शकतो. वर गेल्यावर गाइड इंग्रजीत बोलते आणि मी मराठीत सांगते. पण काट्यांची गोष्ट मी तिच्याशी आधीच ठरवून राखून ठेवायचे. सगळ्यांना मनोऱ्याखाली उभं करायचं आणि विचारायचं, सांगा किती वाजले? त्या दिवशी खरे सव्वादोन वाजले होते. मोठा काटा दोनच्या जरा पुढे, छोटा तीनवर. सगळे एका सुरात म्हणाले, तीन अकरा! दोघीतिघी तर दचकल्या, अगं तीनला तर खाली जमायचंय ना. मग मी फोन दाखवला, गाइडने काट्यांचं सांगितलं, एकच हशा आणि फोटोंचा पाऊस. हा क्षण मला फार आवडतो, अकरा वर्षांत कंटाळा आलेला नाही.

फक्त त्या वेळी समोर चौतीस नव्हते, तेहतीस होते. डोंबिवलीचे एक काका टॉयलेटच्या रांगेत होते, सुट्टं नाणं शोधत.

आमच्या धंद्यात हेडकाउंट म्हणजे श्वास. बसमध्ये चढताना, उतरल्यावर, लिफ्टच्या आधी, लिफ्टच्या नंतर. नवीन मुलांना मी स्वतः शिकवते की बोटाने मोजू नका, लोकांना मेंढरं मोजल्यासारखं वाटतं, नजरेने मोजा आणि जोड्या लावून मोजा. पण माहिती सांगायच्या आधी मी कधी हेडकाउंट केलेला नाही आणि दुसरं कोणी करताना पाहिलेलं नाही. मोजतो ते बस सुटू नये म्हणून, कोणाचं ऐकायचं राहिलं का हे कोण मोजतं?

मीटिंग पॉइंट खाली नदीकाठच्या रस्त्यावर, फ्युनिक्युलरच्या, म्हणजे तारेने ओढल्या जाणाऱ्या डोंगररेल्वेच्या, स्टेशनपाशी, वेळ तीन. ती फ्युनिक्युलर १८९४ पासून चालू आहे, चढ इतका खडा की डब्यात बसल्या बसल्या काकू मंडळी एकमेकींचे हात धरतात. गुडघेवाले सगळे तिनेच उतरले, त्यात डोंबिवलीच्या काकूही. काका म्हणाले मी पायऱ्यांनी येतो, कड्यावरून उतरणाऱ्या दोनशे साठ पायऱ्या आहेत, त्या पहिल्या महायुद्धाच्या काळात खोदलेल्या. काका बहात्तर वर्षांचे पण काटक, नोकरी रेल्वेत झालेली, माझी काही हरकत नव्हती.

तीन पाचला तेहतीस. तीन वीसला तेहतीस. काकांचं रोमिंग नव्हतं, हॉटेलच्या वायफायवर तेवढं व्हॉट्सॅप चालायचं. हे निम्म्या सीनिअर ग्रुपचं असतं, पाच लाखांची टूर घेतात आणि चार हजारांच्या सिमकार्डाला नको म्हणतात, आणि आमचं ऑफिस ते बुकिंगच्या वेळी समजावून सांगत नाही कारण बुकिंग करणाऱ्यांना ते डिस्कशन लांबवायचं नसतं.

आणि ड्रायव्हर. युरोपात बसचा ड्रायव्हर म्हणजे घड्याळाला बांधलेला माणूस, हे आपल्याकडे पटतच नाही कोणाला. साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं ब्रेक, दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यात फार तर दोनदा दहा, आणि रोज सलग अकरा तास विश्रांती. ती नऊवर आणता येते पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदाच, आणि आमच्या ड्रायव्हरच्या तिन्ही वेळा आधीच संपलेल्या, एकदा विमान लेट झालं म्हणून, दोनदा शॉपिंगमुळे. सगळं टॅकोग्राफवर, म्हणजे गाडीतल्या वेळ नोंदणाऱ्या यंत्रावर, नोंदलं जातं, "अरे दहा मिनिटं ॲडजस्ट कर" हा प्रकार नाही. सकाळी सातला ड्यूटी सुरू झालेली म्हणजे रात्री आठला चावी काढायची. मुक्काम स्लोव्हेनियातल्या ब्लेड या गावी, तिथे तळ्याकाठी फिरायचं, तिथला प्रसिद्ध क्रीम केक खायचा, मग जेवण, असं ठरलेलं. प्रत्येक मिनिट त्यातून जात होतं.

बसमधून आवाज आला, "मॅडम, त्यांना टॅक्सीने यायला सांगा, आपण निघू." बोलणारे गृहस्थ स्वतः व्हिएन्नात वीस मिनिटं उशिरा आले होते आणि तेव्हा सगळे थांबले होते. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या. बहात्तर वर्षांचा माणूस दोनशे साठ पायऱ्या एकटा उतरतोय म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय काय आलं असेल. मी ग्रुपमधल्या एका तरुण जोडप्याला स्टेशनपाशी उभं केलं आणि स्वतः वर गेले. पायऱ्यांवर खालपर्यंत वाकून पाहिलं, तुर्की विहिरीकडे, घंटेच्या मनोऱ्याकडे, बागेतली बाकं न् बाकं बघितली, कॅफेत विचारलं, गाइडने पोलिसांना फोन लावायची तयारी केली. जून महिना, सगळीकडे फुललेलं, शाळेची पोरं हिरवळीवर लोळतायत, आणि मी घामाघूम, "काका" अशी हाक मारत मराठीत ओरडतेय.

आणि काका कुठे? खाली, नदीत. म्हणजे मुर नदीच्या मधोमध स्टीलचं एक छोटं बेट केलंय, २००३ मध्ये ग्राझ युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं तेव्हाचं, त्यावर कॅफे आहे. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. पायऱ्या उतरून काका चौकात आले, उशीर झाला की काय म्हणून वर बघितलं. तीन दहा झाले होते. मोठा काटा तीनच्या जरा पुढे, छोटा दोनवर. त्यांनी वाचलं, दोन सोळा.

मनगटावर घड्याळ होतं, पण ते भारतीय वेळेवर, बीपीच्या गोळ्या घरच्या वेळेने घ्यायच्या म्हणून. त्यात सहा चाळीस. साडेतीन तास वजा केले तर बरोबर तीन दहा येतात, आणि काकांनी ती वजाबाकी केलीसुद्धा होती. नंतर मला म्हणाले, "अगं, मोठं घड्याळ दोन सोळा सांगतंय म्हटल्यावर मला वाटलं माझंच गणित चुकलं, साडेचार तास वजा करायचे असतील. उभा जन्म स्टेशनच्या घड्याळावर गाडी सोडलीये, मनगटावरच्या नाही." म्हणून पाऊण तास आहे असं समजून ते बेटावर जाऊन निवांत बसले. पुन्हा वर पाहिलं तेव्हा घड्याळात सात अठरा. तेव्हा पोटात गोळा आला, शेजारच्या मुलीला खुणेने वेळ विचारली, तिने फोन दाखवला, तीन पस्तीस. तिथून घाबरून धावत सुटले ते उलट्या दिशेला, पार मोठ्या चौकापर्यंत. सव्वाचारला त्या तरुण जोडप्याला सापडले.

आम्ही चार पंचवीसला निघालो. तळं नाही, केक नाही, साडेसातला थेट हॉटेलवर. बसमध्ये काकांनी माझ्याकडे माईक मागितला. उभे राहिले, सीटचा दांडा धरून, आणि म्हणाले, "माझ्या एकट्यामुळे तुम्हा सगळ्यांचा खोळंबा झाला, मला घड्याळ वाचता आलं नाही, माफ करा." मागून कोणीतरी म्हणालं, अहो काका, एवढं सांगितलं होतं ना वरती, काटे उलटे आहेत म्हणून. काका गप्प बसले. रांगेत होतो हेसुद्धा बोलले नाहीत.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्याच दिवशी सकाळी, त्याच माईकवर, मी सगळ्यांना म्हटलं होतं, "फोन बंद पडला तरी घाबरू नका, वरचं घड्याळ शहरातून कुठूनही दिसतं, त्यावर लक्ष ठेवा." अर्धी गोष्ट बसमध्ये सांगितली आणि अर्धी राखून ठेवली, टाळ्यांसाठी. काकांनी माझी पहिली अर्धी मनापासून ऐकली आणि तंतोतंत पाळली. मला तेव्हाच माईक घेऊन हे सांगता आलं असतं, चार वाक्यांचं काम होतं. मी माईक घेतला आणि ब्लेडच्या हॉटेलचा वायफाय पासवर्ड सांगितला.

रिपोर्टमध्ये कारणाचा एक ड्रॉपडाउन आहे. पॅसेंजर लेट, कोच ब्रेकडाउन, ट्रॅफिक, सप्लायर, अदर. "टूर मॅनेजर" असा पर्याय त्यात नाही, "अदर" निवडला की ऑफिसमधून तीन फोन येतात. सहकारी म्हणतात, उगाच मनाला लावून घेतेस, सत्तरीच्या माणसाला घड्याळ नीट लावायला काय होतं. एक सीनिअर म्हणाला, ती काट्यांची गोष्ट सोडूनच दे. ती सोडणार नाही मी, पण आता बसमध्येच सांगते, सगळे जागे असताना, आणि वरच्या हशावर पाणी सोडते.

काकांचे सकाळचे मेसेज अजून येतात, फुलं आणि सुप्रभात. मागच्या आठवड्यात फोटो आला. चौकातून वर काढलेला, झाडीतून वर आलेला मनोरा, झूम केलेली तबकडी. खाली लिहिलेलं, "ताई, हा त्या दिवशीचा सापडला. बघा बरं, किती वाजलेत."

मी किचनमध्ये उभी होते, फोन हातात. मला सगळं माहिती असून, इतक्या वेळा समजावून सांगितलेलं असून, डोळ्यांनी आधी वाचलं ते दोन सोळाच.