उघड्या दारावर टकटक

मंगळवार, रात्र

आज सकाळी आईने माझ्या खोलीच्या दारावर टकटक केली. दार उघडंच होतं.

एवढंच झालं. ती आत आली, इस्त्रीचे कपडे पलंगावर ठेवले, "निळा शर्ट राहिलाय, उद्या देतो म्हणाला," एवढं बोलून गेली. पण ती टकटक दिवसभर डोक्यातून जात नाहीये. बोटाचं पेर वाकवून, हलकेच, दोनदा. पाहुणे उतरलेल्या खोलीवर करतात तशी. आमच्या घरात दार वाजवून कोणी कोणाच्या खोलीत आलेलं मला आठवत नाही. आई तर बोलत बोलतच यायची, स्वयंपाकघरात सुरू केलेलं वाक्य माझ्या खोलीत येऊन संपवायची. आणि घर तिचं आहे. हप्ते तिने फेडले, शाळेच्या पगारातून. शेवटचा हप्ता गेला त्या संध्याकाळी तिने पेढे आणले होते. मी इथे परत राहायला आलो त्याला आता कुठे पाच महिने होतील.

टकटक का झाली ते मला ठाऊक आहे. काल दुपारचा माझा हात.

काल सव्वाचारच्या सुमारास मी कानांवर हेडफोन चढवून लॅपटॉपपुढे बसलो होतो. काम चालू नव्हतं. हे लिहून ठेवायलाच हवं, कारण आईला मीटिंग चालू आहे असं वाटलं असणार आणि मी ते तसंच वाटू दिलं. मी 'द वॉल' ऐकत होतो, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा अल्बम. गेले तीन आठवडे रोज ऐकतोय, तिकडचे शेवटचे खोके आले तेव्हापासून. त्यातल्या 'कम्फर्टेबली नम्ब' गाण्यातलं दुसरं गिटार सुरू व्हायच्या बेतात होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दारात कोणी आल्याचं जाणवलं आणि मी मान न वळवता डावा हात वर केला. तळवा तिच्याकडे. थांब.

गाणं संपल्यावर वळून पाहिलं तर दारात कोणी नव्हतं. बाहेर चपलांच्या कपाटावर एक बशी, तिच्यावर दुसरी उपडी घातलेली, तिच्यावर चमचा. दडपे पोहे होते. ओलं खोबरं, लिंबू, आणि वर चुरलेला पोह्याचा पापड. पापड सादळला होता. मी तिथेच उभ्याने खाल्ले आणि बशी धुऊन ठेवली.

आणि ज्या अल्बममध्ये मी बुडालो होतो तो असल्याच एका क्षणातून जन्मला, हे मला विसाव्या वर्षापासून पाठ आहे. ६ जुलै १९७७, मॉन्ट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम, पिंक फ्लॉइडच्या त्या दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम. गर्दी प्रचंड, पुढे फटाके आणि आरडाओरडा, आणि बँडमधला गायक-गीतकार रॉजर वॉटर्स, त्याला वाटतंय की यातलं कोणीच ऐकत नाहीये. स्टेजपाशी एक चाहता सारखा ओरडत होता. वॉटर्स त्याच्या तोंडावर थुंकला. नंतर त्याला स्वतःचीच किळस आली. आपण इथवर कसे येऊन पोचलो, हे शोधायला तो बसला, आणि आपल्या व लोकांच्या मधोमध खरोखरची भिंत बांधायची कल्पना त्यातून निघाली. ३० नोव्हेंबर १९७९ ला अल्बम आला. दोन तबकड्या, २६ गाणी, ८१ मिनिटं.

हॉस्टेलवर मी ही हकीकत येईल त्याला सांगायचो. माणूस आपल्या लाजिरवाण्या क्षणाचं एवढं मोठं काम करू शकतो, याचं मला फार वाटायचं. अजूनही वाटतं. पण ज्याच्या तोंडावर थुंकी पडली तो मुलगा त्या रात्री घरी कसा गेला असेल, हा विचार इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मनात आला. त्याने तोंड कशाने पुसलं असेल? जिवापाड आवडणारी माणसं बघायला आला होता तो. घरी कोणाला सांगितलं असेल का?

मला 'द वॉल' मिळाला तो नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर, १९९७ साली. एका बाजूला पहिली तबकडी, दुसऱ्या बाजूला दुसरी. पहिल्या तबकडीच्या शेवटी पिंक, म्हणजे त्यातला गायक, शेवटची वीट बसवतो आणि जगाचा निरोप घेतो. मग कॅसेटची फीत नुसती सूं करत फिरत राहायची आणि खट्‌ होऊन थांबायची. ती उलटून घालेपर्यंतची शांतता मला अल्बमचाच भाग वाटायची. भिंत पुरी झालीय, आत एकटा माणूस आहे, आणि पुढचं ऐकायचं तर आपल्यालाच उठावं लागतंय. अल्बमच्या अगदी शेवटी कोणीतरी एक अर्धा प्रश्न पुटपुटतो, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग अगदी सुरुवातीला ऐकू येतो. म्हणजे भिंत पडली तरी परत पहिल्यापासून. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

विटा कुठल्या, तर एकेक माणूस. युद्धात गेलेला बाप. वर्गात पोरांना चारचौघांत अपमानित करणारे मास्तर. उबेत गुदमरवून टाकणारी आई. परक्याकडे गेलेली बायको. वॉटर्सच्या आयुष्यातलं बरंच जसंच्या तसं आहे यात. बाप तर आहेच, त्याचं पहिलं लग्नही १९७५ मध्ये मोडलं होतं. पिंकला स्टेजवर उभं करायला टोचतात ते इंजेक्शनसुद्धा खरं. त्याच १९७७ च्या दौऱ्यात फिलाडेल्फियाला वॉटर्सच्या पोटात कळा येत होत्या म्हणून डॉक्टरने काहीतरी टोचलं आणि तो बधिर हातांनी स्टेजवर उभा राहिला. 'कम्फर्टेबली नम्ब' तिथलं.

या तीन आठवड्यांत मीही माझ्या विटा मोजत बसलो होतो. ऑफिसातलं ते. तिकडचं सगळं. बाबा. प्रत्येक गाण्याला माझं एकेक माणूस लावून झालं. मला कोणी विचारत नाही, मी कसा आहे हे कोणाला पडलेलं नाही, ताईसुद्धा फोनवर आधी आईबद्दलच विचारते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच. आणि यातली सगळ्यांत जुनी वीट आईची. बाबांच्या तेराव्यानंतर तिसऱ्याच दिवशी ती शाळेत रुजू झाली आणि मला शेजारच्या काकूंकडे ठेवून गेली. मी चौथीत होतो. काकूंच्या खिडकीतून तिची पाठ दिसत होती. ती पाठ मी पस्तीस-छत्तीस वर्षं जपून ठेवलीय.

काल रात्री तो हात आठवून झोप येईना तेव्हा मनात काय आलं, तेही लिहितो. मनात आलं की हा हात तिचाच आहे. वर्गात गोंगाट झाला की आई न बोलता असाच तळवा वर करायची, मी तिच्याच शाळेत होतो, मी पाहिलंय. म्हणजे मी तिच्याकडूनच शिकलो. क्षणभर बरं वाटलं. आणि लगेच पोटात कसंतरी झालं. तिला मी दारातून परत पाठवलं, आणि त्याचाही दोष तिच्याच नावावर लावून मोकळा झालो.

आज दुपारी 'मदर' हे एकच गाणं चार वेळा ऐकलं. मुलगा प्रश्न विचारतो आणि आई उत्तरं देते, अशी त्याची रचना आहे. प्रश्न वॉटर्स म्हणतो. आईची उत्तरं बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोरच्या तोंडी आहेत. चालही चकवणारी, मध्येच एखादी मात्रा जास्त पडते. ड्रमर निक मेसनला ती बसेना, म्हणून बाहेरून जेफ पोर्कारो या ड्रमरला बोलावून वाजवून घेतलं. मी आजवर या गाण्यात मुलाच्या बाजूला होतो. आई भिंत बांधायला मदत करते, ती तुला पंखाखालून उडू देणार नाही, हे शब्द ऐकून मान हलवायचो. आज फक्त आवाज ऐकले. ज्या बाईला पुढे पिंकच्या डोक्यात चालणाऱ्या खटल्यात साक्षीला उभं केलं जाणार आहे, स्टेजवर जिची फुगवलेली अवाढव्य बाहुली उभी केली जायची, तिला या माणसांनी अल्बममधला सगळ्यांत मऊ आवाज दिलाय. वॉटर्सचा आवाज खरवडतो. गिल्मोरचा कुशीत घेतो. शब्द तिच्या विरुद्ध आहेत आणि सूर तिच्या बाजूचा.

आणि मुलाचे जवळजवळ सगळे प्रश्न स्वतःबद्दल आहेत. मला कोणी मारेल का, त्यांना हे गाणं आवडेल का, ती मुलगी माझ्यासाठी बरी आहे का. आईला तिच्याबद्दल एकही प्रश्न नाही.

वॉटर्सची आई मेरी. तीही शिक्षिकाच. नवऱ्याने आधी लढायला नकार दिला होता, लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा तो रुग्णवाहिका चालवत होता. मग त्याचं मत बदललं, तो सैन्यात गेला, आणि १८ फेब्रुवारी १९४४ ला इटलीत आन्झिओच्या आघाडीवर मारला गेला. रॉजर पाच महिन्यांचा. त्याच्याहून मोठा एक भाऊ. ती दोन्ही मुलांना घेऊन केंब्रिजला गेली आणि शाळेत शिकवून तिने त्यांना वाढवलं. अल्बमभर बापाची पोकळी आहे आणि ती खरी आहे. बरोबर ७० वर्षांनी, २०१४ च्या १८ फेब्रुवारीला, वॉटर्स तिथे आप्रिलिया गावी बापाच्या स्मारकाला गेला होता. त्याचे तेव्हाचे फोटो बघून मला भरून आलं होतं. पण त्या ८१ मिनिटांत मुलाचा बाप जातो. बाईचा नवरा जात नाही.

हे मला आज, सेहेचाळिसाव्या वर्षी कळावं.

अल्बमवर माझा राग नाही. तो नसता तर हॉस्टेलची ती चार वर्षं माझं काय झालं असतं, कोण जाणे. ज्यांनी तो बनवला त्यांचंही त्यापायी काही धड राहिलं नाही. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक राइटला काम चालू असतानाच बँडमधून काढलं आणि पुढच्या कार्यक्रमांना पगारी वादक म्हणून उभं केलं. त्या १९८०-८१ च्या ३१ कार्यक्रमांत चाळीस फुटांची पुठ्ठ्याच्या विटांची भिंत रोज बांधायचे आणि रोज पाडायचे. 'कम्फर्टेबली नम्ब'ला गिल्मोर भिंतीच्या माथ्यावर उभा राहून वाजवायचा आणि वॉटर्स खाली. पाच वर्षांनी दोघांची तोंडं दोन दिशांना. मला मात्र त्यातला भिंत पडल्यानंतरचा भाग फार आवडतो. धूळ खाली बसते आणि सगळे साधी वाद्यं घेऊन विटांच्या पुढे येतात. वॉटर्स क्लॅरिनेट वाजवतो. दीड-पावणेदोन मिनिटांचं गाणं आहे. भिंतीबाहेर जी आपली माणसं इतका वेळ येरझारा घालत होती, त्यांच्याबद्दल. मी ते बहुतेक वेळा पूर्ण ऐकत नाही. मोठं सगळं होऊन गेलेलं असतं ना.

संध्याकाळी आई कोथिंबीर निवडत बसली होती, पुढ्यात वर्तमानपत्र पसरून. मी समोर बसलो. एक जुडी ओढून घेतली. बराच वेळ नुसता निवडत राहिलो.

"काल दुपारी मी हात केला ना तुला..."

"अरे, काम असतं. मलाच कळायला हवं होतं."

"काम नव्हतं, आई. गाणं ऐकत होतो."

तिने चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं आता दुखावेल. ती म्हणाली, "मग गाणं पूर्ण ऐकायला नको?"

शाळेतून आल्यावर ती रेडिओला कान लावून बसायची तेव्हा आम्हीसुद्धा गप्प बसायचो. हे मी विसरलोच होतो.

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. "बाबांनंतर तू शाळेत परत गेलीस ना, त्या दिवशी पहिला तास कुठला होता?"

तिचे हात थांबले नाहीत. "सहावी ब," ती म्हणाली. "अपूर्णांक." दोन काड्या निवडून झाल्या. "एका पोराने विचारलं, बाई, तुम्ही आजारी होतात का? मी हो म्हटलं." आणखी एक काडी. "फळ्यावर लिहायला लागले तर हात इतका थरथरत होता की छेदाची रेघ सरळ येईना. मग त्यांनाच एकेकाला फळ्यावर बोलावलं. तास निघाला."

मी काकूंच्या खिडकीबद्दल काही बोललो नाही. बोलणारही होतो, मग राहिलं.

"ते कोवळे देठ टाकू नकोस," ती म्हणाली. "वाटणाला लागतात."

आत्ता साडेदहाला हे लिहिताना पुन्हा वाजलं. दोनदा, तसंच. मला वाटलं होतं संध्याकाळनंतर ती तशीच आत येईल, बोलत बोलत. नाही आली. लागली असेल सवय एका दिवसात, किंवा काही दिवस अशीच वाजवेल, आणि ते मला ऐकत राहावं लागेल. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि खुर्ची दाराकडे वळवली.

"ये गं."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. हातात निळा शर्ट होता. इस्त्रीवाला रात्रीच देऊन गेला म्हणे.