वाचनगटाची नोंद: कथेचा शेवट कुणी ठरवला?

आमच्या विज्ञानकथा गटाने पद्धत बदलली. आता दोन कथा जोडीने वाचतो आणि जोडी लावतो ती शेवटावरून. पहिल्याच जोडीने चर्चा रंगवली: टॉम गॉडविनची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ (१९५४) आणि डॅनियल कीजची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ (१९५९).

गॉडविनच्या कथेत आजारी माणसांसाठी औषध घेऊन निघालेल्या छोट्या यानात एक अठरा वर्षांची मुलगी लपून बसते. तिला भावाला भेटायचंय. इंधन मात्र काटेकोर मोजलेलं. तिच्या वजनासकट यान सुखरूप उतरणार नाही, म्हणून तिला बाहेर सोडावं लागतं. काहींचं म्हणणं, गणितापुढे इलाज नाही. बाकीच्यांनी विचारलं, राखीव इंधन न देता यान धाडलं कुणी? आणि दारावर कुलूप का नाही, नुसती पाटी का? मी या दुसऱ्या बाजूचा. भौतिकशास्त्र निष्ठुर असतं हे कबूल, पण टाकीत किती इंधन भरायचं ते माणसं ठरवतात. तरीही भावाशी रेडिओवर होणारं तिचं शेवटचं बोलणं वाचताना गळा दाटून येतो, आणि म्हणूनच ही कथा पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे.

यामागची हकिगतही चर्चेत आली. गॉडविन मुलीला वाचवायच्या युक्त्या काढायचा आणि ‘अस्टाउंडिंग’ या विज्ञानकथा मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत पाठवायचे, असं सांगतात. कीजच्या बाबतीत नेमकं उलट झालं. ‘गॅलेक्सी’ मासिकाचे संपादक होरेस गोल्ड यांना सुखान्त हवा होता: शस्त्रक्रियेने हुशार झालेल्या नायकाची, चार्लीची, बुद्धी टिकावी, त्याचं लग्न व्हावं. कीजने ऐकलं नाही, कथा दुसरीकडे दिली आणि विज्ञानकथांसाठीचा १९६०चा ह्यूगो पुरस्कार मिळवला. माझ्या मते ही त्या काळातली सर्वांत धीट ‘नाही’ आहे.

एक सूचना: ‘अल्जर्नन’ मोठ्याने वाचू नका. चार्लीच्या टिपणांतलं चुकीचं शुद्धलेखन हळूहळू सुधारतं आणि शेवटी पुन्हा बिघडतं. ते डोळ्यांनीच दिसायला हवं.

पुढची जोडी आसिमॉव्हची ‘नाइटफॉल’ (१९४१) आणि क्लार्कची ‘द स्टार’ (१९५५). सहा सूर्यांच्या ग्रहावर २०४९ वर्षांतून एकदा पडणारी रात्र आणि विझलेल्या ताऱ्याजवळ पोचलेला पाद्री. क्लार्कचं शेवटचं वाक्य आधी कुणी फोडायचं नाही, एवढी एकच अट घातली आहे.