हंसराजाच्या डब्यातून: फवारा नाही तरी कोंब

जांबोटीच्या वाटेवरच्या एका विहिरीतला हंसराज आणि बेळगावातल्या जुन्या चुन्याच्या भिंतीवरचा टेरिस व्हिटाटा, या दोन्ही नेच्यांचे (फर्नचे) बीजाणू आषाढात पेरले होते. श्रीखंडाचे रिकामे डबे, उकळतं पाणी ओतून गार केलेलं कोकोपीट, वर पारदर्शक झाकण. नेच्यावाल्यांना यात नवं काही नाही.

गणपतीपर्यंत दोन्ही डबे प्रोथॅलसने, म्हणजे बीजाणूतून उगवणाऱ्या, नरपेशी-स्त्रीपेशी धरणाऱ्या चिमुकल्या हिरव्या चकत्यांनी भरले. एकेक जण करंगळीच्या नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराचा. कडेला पेशींचा एकच थर, त्यामुळे भिंगातून उजेडाकडे पाहिलं की पेशीन् पेशी मोजता येते.

प्रत्येक डब्यात मधोमध पट्टी घालून एका बाजूला रोज फवारा मारला, दुसरीकडे ओल फक्त खालून पोचू दिली. टेरिसला कोंब आले ते फवाऱ्याच्याच बाजूला. त्याच्या नरपेशीला पोहत स्त्रीपेशी गाठावी लागते. वर पाण्याचा पातळ थर नसला की गाडी तिथेच अडते. हंसराज मात्र दोन्हीकडे सारखाच! बदामाच्या खाचेमागच्या जाडसर भागातून सरळ पान वर, फलनाची भानगडच नाही.

मग न फुटलेल्या बीजाणुधान्या (पानामागच्या बीजाणूंच्या थैल्या) काचपट्टीवर टाचणीने फोडल्या. टेरिसच्या एकीत 64 बीजाणू, हंसराजाच्या एकीत 32. उलगडा इथेच आहे. एरवी थैलीतल्या 16 मातृपेशींचं अर्धगुणसूत्री विभाजन होऊन 64 बीजाणू तयार होतात, गुणसूत्रं निम्मी. बिनफलनाच्या नेच्यात त्याआधीचं एक विभाजन अर्धवट राहतं, दुप्पट गुणसूत्रांच्या 8 मातृपेशी उरतात आणि त्यांच्या 32 बीजाणूंत गुणसूत्रं मूळ झाडाइतकीच. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होफमाइस्टरने 1851 मध्ये मांडलेलं पिढ्यांचं चक्र (बीजाणूतून प्रोथॅलस, त्यातून झाड, झाडावर पुन्हा बीजाणू) चालूच राहतं, फक्त निम्मं-दुप्पट होणं गळतं. हंसराजाच्या त्रिगुणित झाडांत हे आढळतं. गुणसूत्रांचे तीन संच नीट निम्मे होत नाहीत, तेव्हा ही पळवाट त्यांना सोयीचीच.

कणकुंबी-चोर्ल्याला पाऊस धो धो, पण बेळगाव ओलांडून पूर्वेला गेलं की तो झपाट्याने आटतो. अशा कोरड्या बाजूला पाण्याची वाट न पाहणारा नेचा पुढे जात असणार, असा माझा कयास. बदल्यात गुणसूत्रांची नवी सरमिसळ मात्र गमवावी लागते.

गोकाक, सौंदत्तीकडे कोणी जात असेल तर हंसराजाची कड दुमडलेली, पिकत आलेली दोन-चार पानं आणा. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी धरते. गाव आणि जागा कागदावरच लिहा.