उडी घेणारा घोडा टिपताना

नागपुरात हिवाळ्यातला सकाळी नऊपर्यंतचा प्रकाश सर्वांत चांगला. ऊन डोक्यावर आलं की हेल्मेटच्या कडेची सावली थेट स्वाराच्या डोळ्यांवर पडते, आणि चेहरा गेला की फोटो गेलाच.

शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी नको. १/१६०० ठेवलं तर खुरांनी उडालेली मातीसुद्धा कणाकणाने दिसते. ७०-२०० मिमीची झूम लेन्स पुरते. कंटिन्युअस फोकस, म्हणजे हलत्या घोड्यावर सतत जुळत राहणारा फोकस, लावा, पण अडथळ्याचे रंगीत दांडे फार लबाड! कॅमेरा घोडा सोडून त्यांनाच पकडतो. म्हणून फोकसचा बिंदू लहान करून स्वाराच्या छातीवर धरा.

उभं राहायचं अडथळ्याच्या पलीकडे, साधारण ४५ अंशांत तिरकं. गुडघ्यावर बसलात तर उडी उंच दिसते.

खरी कसोटी वेळेची. पुढचे गुडघे दुमडलेले, कान पुढे, शरीराची कमान दांड्यावर: हा क्षण हवा. घोडा हवेत दिसल्यावर बटण दाबलं तर हाती येतो उतरतानाचा फोटो, पुढचे पाय ताणलेले आणि स्वार मागे रेललेला. ढांगांची लय मनात मोजा. मागचे पाय रोवले की लगेच दाबा. नुसत्या बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून धडाधड घेतलेल्या फोटोंवर, विसंबलात तर नेमका क्षण दोन फ्रेमच्या मधे निसटतो.

फ्लॅश अजिबात नको. घोडा बुजला तर स्वार पडू शकतो.