वरून चकाचक

मार्च संपत आला की कुत्र्यांचे केस कापण्या-विंचरण्याच्या माझ्या दुकानात एकच मागणी सुरू होते आणि ती थेट गणपतीपर्यंत चालते: "मॅडम, झिरो मारून टाका, फार उकडतंय त्याला." हस्की, गोल्डन, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड, सगळ्यांसाठी हेच. मी नाही म्हणते. या जातींना दुहेरी कोट असतो, वर लांब जाडसर केस आणि आत दाट मऊ लव. आतली सुटलेली लव नीट काढली की केसांतून हवा खेळते, आणि वरचे केस ऊन अडवतात. सरसकट भादरलं की आतली लव आधी वाढते, वरचे केस मागाहून येतात, कधी ठिगळाठिगळांनी, आणि काही कुत्र्यांना पूर्वीसारखे येतच नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचा आणि तोंडातला ओलावा उडतो, त्याने अंग गार होतं. मुंबईच्या दमट हवेत तो ओलावाच नीट उडत नाही. त्यावर पंखा, एसी आणि पहाटेचं फिरणं हे उपाय आहेत, मशीन नाही. लोक ऐकून मान डोलावतात आणि पुढच्या गल्लीत जाऊन तासाभरात झिरो मारून घेतात.

त्यामुळे शिवाजी पार्कचे काका भर जुलैत बाळूला घेऊन आले आणि "सगळं काढून टाका" म्हणाले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं.

बाळू सेंट बर्नार्ड, साठ किलोंच्या वरचा. टॅक्सीवाले एवढं मोठं कुत्रं पाहिलं की मान हलवून पुढे जातात, म्हणून छोटा टेम्पो करून आणला होता. सोबत त्याला रोज फिरवणारा वरळीचा पोरगा होता. सकाळी पेपर टाकायचे, मग आसपासच्या इमारतींतली चार कुत्री फिरवायची, मग कॉलेज. पट्टा त्याच्या हातात होता आणि बाळूची नजरही त्याच्यावरच होती.

वरून बघाल तर कुत्रं देखणं. पाठ चमकत होती, शेपटी फुललेली. पोरानं पिशवीतून ब्रश काढून दाखवला. टोकाला गोळ्या असलेल्या पिना, पिल्लू विकताना जो हमखास गळ्यात मारतात तो. "मी रोज विंचरतो ताई. पावसातून आणलं की पुसतो, मग विंचरतो." ते खरंच होतं. तो ब्रश मी मानेपासून शेपटीपर्यंत फिरवला, कुठे अडला नाही. मग लोखंडी फणी घेतली आणि मांडीच्या मागच्या केसांत उभी घातली. अर्धा इंच जेमतेम गेली आणि थांबली. काखेत तेच, कानामागे तेच. वर विंचरलेले केस आणि खाली कातडीला चिकटलेलं जटांचं सलग बुरणूस.

लांब केसांच्या कुत्र्याला विंचरायचं म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण इथेच सगळं बिघडतं. डाव्या हाताने केस वर उचलून धरायचे. खाली भांग पाडल्यासारखी ओळ पडते आणि कातडी दिसते. दिसलीच पाहिजे. त्या ओळीतले केस मुळापासून बाहेर सोडवायचे, मग बोटभर वर सरकून पुढची ओळ. अशी पायापासून पाठीपर्यंत. शेवटी फणी, कारण ब्रश खोटं बोलतो, फणी बोलत नाही. बाळूएवढ्या कुत्र्याला नियमित केलं तरी पाऊण तास लागतो. पाच जागा कधी सोडायच्या नाहीत: कानामागे, काखा, जांघा, मांडीची मागची बाजू, शेपटीखाली. मला हे शिकवणाऱ्या बाईंनी पहिले काही महिने माझ्या हातात मशीन दिलंच नाही, नुसतं ओळी पाडायला लावलं. तेव्हा राग यायचा.

पावसाळ्यात त्या जटा आतून वाळत नाहीत. टॉवेल वरून फिरतो, पंखा वरून लागतो, कातडी ओलीच राहते. ओल्या कातडीला खाज, खाजवलं की चट्टा, चट्ट्यातून पाणी सुटतं, आणि मग माशा येतात.

इतक्या जटा झाल्यावर सोडवत बसणं म्हणजे कुत्र्याचे हाल. तिथे माझा झिरोचा विरोध मी बाजूला ठेवते. काकांना म्हटलं, जिथे जटा आहेत तिथलंच काढीन, पाठीला हात लावणार नाही. आंघोळ आधी घालायची नाही, कारण पाणी लागलं की जट आणखी आवळते. नंबर 10 चं ब्लेड लावलं. ते कातडीवर जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवतं. लांब केस ठेवणारी ब्लेडं अशा वेळी वापरली तर त्यांच्या दातांत कातडी अडकते. कातडी एका हाताने ताणून धरायची, जटेच्या खालून केसांच्या दिशेने पुढे जायचं, आणि दर दोनतीन मिनिटांनी ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचं. तापलं की बदलायचं. माझी ब्लेडं ओळीने फरशीवर गार होत ठेवलेली असतात.

डावी मांडी निघाली. खाली कातडी लाल, पण अखंड. उजवीकडे गेले आणि मशीनचा आवाज बसला. ओलं कापताना बसतो तसा. त्याच क्षणी वास आला, गोडसर, सडका. एकदा घेतला की हा वास विसरता येत नाही. बाळूनं मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं. गुरगुरला नाही. मशीन बंद केलं, कात्रीनं वरचा थर अलगद उचलला. शेपटीच्या बुंध्यापासून खाली तळहाताएवढी जखम, आणि ती हलत होती. अळ्या. माझ्या मदतनीस मुलीनं तोंड फिरवलं. पोरगा तसाच पट्टा धरून उभा राहिला.

अशा वेळी आमचं काम थांबतं. पाणी नाही, ड्रायर नाही, आणि घरोघरी ओततात ते टर्पेंटाइन किंवा फिनेल तर मुळीच नाही. त्याने कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो ते वेगळंच. डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी सांगितलं, जखमेभोवती दोन बोटं केस काढा आणि लगेच घेऊन या. टेम्पो बाहेर उभाच होता. परळला नेलं, अख्खी मुंबई ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणते तिथे. 1883 साली सुरू झालं तेव्हा मुंबई खरोखरच बैलांवर आणि घोड्यांवर चालत होती. आता बाहेरच्या रांगेत मांजरं, भटकी कुत्री, एखादी घार, आणि त्या दिवशी आमचा बाळू. भूल देऊन चिमट्याने एकेक अळी काढली, जखम धुतली. पुढे अँटिबायोटिक, रोजचं ड्रेसिंग, जखम चाटू नये म्हणून गळ्यात मोठी कॉलर. बाळू आता बरा आहे.

हॉस्पिटलच्या बाकावर काका पोराकडे वळून म्हणाले, "तू रोज विंचरत होतास ना?" पोरगा म्हणाला, "रोज, काका." काका पुढे काहीच बोलले नाहीत. मी मात्र बोलले. ब्रश चुकीचा होता, पद्धत त्याला कुणी शिकवली नव्हती. मागे हात लावला की बाळू वळून बघतो, हे त्यानेच आठवडाभर आधी घरी सांगितलं होतं, वासही त्यालाच पहिल्यांदा आला होता. दुकानात आणायचा हट्ट त्याचाच. काकांना वाटत होतं, काकू नाहीत म्हणून कुत्रं उदास आहे.

काकू होत्या, पण अंथरुणात. फेब्रुवारीत बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. मधल्या काळात बाळूला एका चकचकीत सलूनमध्ये नेलं होतं, तिथून तो सुगंधी होऊन, गळ्यात बो बांधून आला. त्या लोकांच्या हाताला जटा लागल्या नसतील यावर माझा विश्वास नाही. त्यांनी वरून ड्रायर मारून फुलवला, बिल घेतलं आणि एक अक्षर सांगितलं नाही. आमच्या धंद्यात ना सक्तीची परीक्षा ना वेगळा परवाना. दुकाननोंदणीचा गुमास्ता काढला, टेबल आणि ड्रायर घेतला की झालात ग्रूमर. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा 2017 पासून नियम आहे, पण ते पिल्लू साठ किलोंचं झाल्यावर त्याच्या केसांचं काय करायचं हे सांगण्याची तसदी विकणारा घेत नाही. सेंट बर्नार्ड ही जात साधारण 2470 मीटर उंचीच्या आल्प्समधल्या घाटातली. तिथल्या मठातली मूळ कुत्री आखूड केसांची होती. एकोणिसाव्या शतकात न्यूफाउंडलंड जातीच्या कुत्र्यांशी संकर झाला आणि लांब केस आले, तर त्या केसांत बर्फ अडकायला लागला, म्हणून ती कुत्री मठाच्या कामाची राहिली नाहीत. जे केस बर्फात नडले ते दादरच्या पावसात नडणार नाहीत?

त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. आम्ही कधी भेटलो नव्हतो. थेट विचारलं, "अगं, कानामागे बघितलंस का? आणि काखेत? जांघेत हात घालू देतो, फक्त आधी पोटावर थोपट. मांडीमागे फार गुंततं त्याचं. शेपटीखाली शेवटी घे, तिथे तो कंटाळतो." त्याच पाच जागा. कुठे शिकलात म्हटलं, तर म्हणाल्या, शिकायचं काय, दुपारी गॅलरीत बुटक्या स्टुलावर बसायचं, मुलींचे केस विंचरायच्या जुन्या फणीनं एका बाजूनं सुरुवात करायची, कातडी दिसेपर्यंत. हे त्यांनी घरात कुणाला कधी दाखवलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. अख्ख्या घरात ते एका माणसाच्या हातात होतं आणि तो माणूस पडला.

त्याच आठवड्यात काकांनी पोराला येऊ नको म्हणून सांगितलं. मला पोराकडूनच कळलं. रागावला नव्हता. "ताई, ती फणी कुठे मिळते?" एवढंच विचारलं. दुसऱ्या इमारतीतल्या गोल्डनसाठी हवी होती. मी त्याला दुकानात बोलावून ओळी पाडायला शिकवलं. हात चांगला आहे, घाई करत नाही. पण मला अजून राहून राहून वाटतं की ज्याने सर्वांत आधी ओळखलं त्यालाच शिक्षा झाली, आणि त्या सलूनला अजूनही पाच तारे मिळताहेत. काका वाईट नाहीत. रोज ड्रेसिंगला स्वतः येत होते, बाळूचं डोकं मांडीवर धरून बसायचे. त्यांना कुणावर तरी राग काढायचा होता आणि समोर तो होता.

आता बाळूला ॲपवरून ठरवलेला माणूस फिरवतो. दर वेळी वेगळा. परवा आणला तेव्हा फणी काखेत पुन्हा अडायला लागली होती.

काल काकूंचा पुन्हा फोन. वॉकर घेऊन चार पावलं चालतात आता. म्हणाल्या, "माझी फणी कपाटात आहे, त्या पोराला देते, तू एकदा त्याला दाखवून टाक." त्यांना माहीतच नव्हतं. मला वाटलं, काकांना आधी विचारावं. मग वाटलं, कशाला. सांगून टाकलं, सगळं, त्याने वास ओळखला तिथपासून. काकू म्हणाल्या, "त्याचा नंबर दे." मी दिला. बाळूची पुढची वेळ गुरुवारी अकराची आहे, पट्टा कोण धरून येतंय ते तेव्हा कळेल.