गोलशून्य बरोबरीची ती रात्र

14 एप्रिल 2021 च्या रात्री फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर एफसी गोवा आणि कतारचा अल रय्यान या क्लबांमधला फुटबॉल सामना 0-0 असा सुटला, आणि मी आजवर पाहिलेल्या सगळ्या सामन्यांत त्याला पहिले स्थान देतो. हा सामना एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅम्पियन्स लीगचा होता. ती तेव्हा आशियातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा होती आणि तिच्या गटसाखळीत त्याआधी एकही भारतीय क्लब खेळला नव्हता. गोव्याचाच धेंपो क्लब 2008 मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला होता, त्याचा अभिमान आमच्या घरात आजही आहे. पण ती स्पर्धा दुसऱ्या स्तराची होती. फेब्रुवारी 2020 मध्ये जमशेदपूरला 5-0 ने हरवून एफसी गोवाने आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) साखळीत अव्वल स्थान पक्के केले, तेव्हा या वरच्या पायरीचे दार उघडले.

दुर्दैव एवढेच की सामना आपल्या मडगावात असूनही कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. एरवी फोंड्याहून मी आणि बाबा स्कूटरने जातो आणि परतताना गाड्यावर रोस ऑम्लेट खातो. त्या रात्री आम्ही घरी टीव्हीसमोर बसलो होतो. स्टेडियम रिकामे असल्यामुळे चेंडूला बसलेली लाथ आणि खेळाडूंच्या हाका स्पष्ट ऐकू येत होत्या.

समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते लॉरां ब्लां, 1998 च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातले बचावपटू. आयएसएलमध्ये गोव्याला जेवढे परदेशी खेळाडू उतरवता येत, तेवढे इथे चालणार नव्हते. तीन परदेशी आणि आणखी एक दुसऱ्या आशियाई देशातला, बाकी सगळे आपले. त्यामुळे 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचे गोलरक्षण केलेल्या धीरज सिंगवर मोठा भार होता, आणि तो त्याने पेलला. सामना संपत आला तसे अल रय्यानचे हल्ले वाढले. त्या वेळी बाबा खुर्चीवरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले, आणि धीरजने प्रत्येक चेंडू अडवला की ते नुसता हाताचा तळवा टीव्हीच्या कडेवर टेकवत होते. अंतिम शिट्टी झाल्यावरच ते बसले.

गोल झाला नाही म्हणून या सामन्याला कंटाळवाणा म्हणणारे मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी मी प्रत्येक वेळी वाद घातला आहे. खेळाडूंच्या तयारीवर आपल्या क्लबपेक्षा कितीतरी अधिक पैसा खर्च करणाऱ्या संघाला नव्वद मिनिटे एकही गोल करू न देणे हे कष्टाचे काम आहे. तीन दिवसांनी गटातल्याच अमिरातीच्या अल वाहदाविरुद्धही 0-0 झाले. मग इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध ब्रँडन फर्नांडिसच्या फ्री किकवर एदू बेदियाने हेडरने गोल केला, या स्पर्धेच्या गटसाखळीतला भारतीय क्लबचा पहिला गोल. तो सामना 1-2 ने गेला; पण गटात शेवटी गोवा तिसरा आला आणि अल रय्यान चौथा.